गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतली होती का?

नऊ दिवसांत आईला चार जणांनी औषध दिलं. आधी मेडिकलवाल्यानं, मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, ते लग्नाला गावी गेले म्हणून त्यांच्या जागी बसलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी, आणि शेवटी सलाईन लावायला जिथं नेलं तिथल्या डॉक्टरांनी. चौघांनीही विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं होतं का?" आई बाहेरचं खात नाही. उपासाचं पीठसुद्धा ती घरी दळून घेते. "पाणी कुठलं पिता?" पाणी उकळलेलं. पाचव्या डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याचं काही काढलंच नाही. स्टूल ओढून आईच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली होती का? दाताला, लघवीला, खोकल्याला, कशालाही?"

घेतली होती. अठरा दिवसांपूर्वी दाढ काढली, तेव्हा पाच दिवस क्लिंडामायसिनच्या कॅप्सूल, आणि सोबत रोज सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी. कोर्स संपला, हिरडी भरून आली, आणि चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले. दिवसाला दहा-बारा वेळा. दाढेचा आणि पोटाचा काही संबंध असेल असं आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही, त्यामुळं आम्हीही तो कुणाला सांगितला नाही. मेडिकलवरून आधी नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल आलं. गुण येईना म्हणून डॉक्टरांनी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल दिलं. सलाईनसोबत शिरेतून आणखी एक, सिफॅलोस्पोरिन जातीचं. मध्ये एकदा जुलाब थांबवायची गोळीही झाली. शौचाची खास तपासणी केल्यावर निदान आलं: क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाच्या जिवाणूचा संसर्ग, आणि तो अंगात बळावायचं कारण अँटिबायोटिक. म्हणजे अँटिबायोटिकनं लागलेल्या जुलाबांवर आम्ही नऊ दिवस अँटिबायोटिकच ओतत होतो.

त्या चौघांवर माझा राग नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही पाणीपुरीचंच विचारलं असतं, कारण आपल्याकडे जुलाब म्हटलं की दूषित पाणी आणि उघड्यावरचं खाणं एवढंच आपल्याला शिकवलेलं आहे, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण आता तेवढ्यावर भागत नाही. इतक्या अँटिबायोटिक घेणाऱ्या समाजात जुलाबाच्या प्रत्येक रुग्णाला "आधी कुठली अँटिबायोटिक झाली आहे का" हे विचारलं गेलंच पाहिजे. दवाखान्यात, मेडिकलवर, वॉर्डात. आणि रुग्णालयांनी या आजाराची मोजणी केली पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे.

आजार समजून घेतला की हा आग्रह का, ते कळेल. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू कायमचे वस्तीला असतात. न पचलेलं अन्न ते आंबवतात, जागा अडवून धरतात, आणि पित्तातली काही द्रव्यं अशी बदलून टाकतात की डिफिसिलसारख्याला तिथं वाढताच येत नाही. शेतकऱ्याला हे चटकन समजेल. रानात तणनाशक मारलं की वरचं हिरवं सगळं जळतं, पण लव्हाळ्याच्या गाठी मातीत तशाच राहतात, आणि दोन पाऊस पडले की सगळं रान लव्हाळ्याचं होतं. अँटिबायोटिकनं आतड्यातली वस्ती उठते. डिफिसिलचे बीजाणू मात्र मरत नाहीत. कवचातल्या बीसारखे ते पडून असतात. रान मोकळं झालं की रुजतात, वाढतात आणि दोन विषं सोडतात. त्या विषांनी आतड्याचं अस्तर सोलवटतं, त्यावर पिवळट पापुद्रे धरतात. काहींचं जुलाबावर निभावतं. काहींचं आतडं फुगून फाटायच्या बेताला येतं आणि कापून काढावं लागतं. वय पासष्टच्या पुढं असेल, रुग्णालयात मुक्काम झाला असेल, किंवा आम्ल कमी करणारी, म्हणजे आपली गॅसची, गोळी चालू असेल तर धोका वाढतो. या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ सालीच इशारा दिला होता. आपल्याकडे मात्र अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर गॅसची गोळी न विचारता लिहिली जाते, जणू ती तिची जोडीदारीणच. रुग्णालाही ती लिहिली नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, म्हणजे कुणी घाबरून चालू कोर्स टाकून देणार नाही. अँटिबायोटिक घेताना पोट थोडं बिघडणं फार सर्रास आहे, आणि त्यातले बहुतेक जुलाब डिफिसिलचे नसतात. औषध संपलं की थोड्याच दिवसांत थांबतात. पण दिवसातून तीनदा किंवा जास्त वेळा पाण्यासारखं होत असेल, ताप, पोटात कळ, फुगारा असेल, आणि कोर्स संपून आठवडे उलटले असले तरीही, तर ते डॉक्टरांना अँटिबायोटिकच्या नावासकट सांगायला हवं. हा धोका कोर्स संपल्यावर दोन-तीन महिन्यांपर्यंत राहतो. म्हणूनच माझ्या शीर्षकात तीन महिने आहेत.

या जिवाणूची ओळख नवी नाही. १९३५ साली तो तान्ह्या, निरोगी बाळांच्या शौचात सापडला होता. प्रयोगशाळेत वाढवायला अवघड, म्हणून नावच 'डिफिसिल' पडलं. बाळांना तो त्रास देत नव्हता, म्हणून चाळीस वर्षं कुणी लक्ष दिलं नाही. मग क्लिंडामायसिन बाजारात आलं. १९७४मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात ते घेतलेल्या २०० रुग्णांपैकी साधारण दर पाचव्याला जुलाब लागले आणि दर दहाव्याच्या आतड्यात ते पापुद्रे दिसले. १९७८मध्ये अमेरिकी डॉक्टर जॉन बार्टलेट आणि सहकाऱ्यांनी गुन्हेगार हाच जिवाणू आहे, ते दाखवून दिलं. म्हणजे माझ्या आईला जे औषध दिलं आणि जो आजार झाला, त्या दोघांचं नातं जवळजवळ पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकात छापलेलं आहे. ज्ञान कमी नव्हतं. विचारण्याची सवय नव्हती.

सवय लावता येते, हे इंग्लंडनं दाखवलं, आणि त्याची गोष्ट मला आपल्यासाठी सगळ्यात मोलाची वाटते. २००४ ते २००६ या काळात केंट परगण्यातल्या मेडस्टन आणि टनब्रिज वेल्सच्या सरकारी रुग्णालयांत या आजाराची साथ पसरली. चौकशी अहवाल २००७मध्ये आला. सुमारे ९० मृत्यूंना हा जिवाणू निश्चितपणे किंवा बहुधा कारण होता, असं त्यात म्हटलं होतं. खाटा एकमेकींना चिकटलेल्या, माणसं कमी, आणि जुलाबानं हैराण झालेल्या म्हाताऱ्या माणसांना परिचारिकांनी "अंथरुणातच करा" असं सांगितल्याची नोंद. हे वाचताना मला आपला एखादा सरकारी वॉर्ड आठवला, आणि श्रीमंत देशातही हे होतं म्हणून बरं वगैरे काही वाटलं नाही, वाईटच वाटलं. २००७ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये आठ हजारांहून जास्त मृत्यूच्या दाखल्यांवर या जिवाणूचं नाव होतं.

तिथल्या सरकारनं मोजणी सक्तीची केली. प्रत्येक रुग्णालयानं प्रत्येक रुग्ण कळवायचा. आकडे रुग्णालयाच्या नावासकट जाहीर. सिफॅलोस्पोरिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली क्विनोलोन औषधं यांच्या वापरावर लगाम घातला. हात धुणं, वेगळी खोली, फरशीला ब्लीच. २००७-०८मध्ये वर्षाला ५५ हजारांहून जास्त असलेले रुग्ण सहा वर्षांत साडेतेरा हजारांच्या घरात आले.

आता यात कशानं काम केलं? स्वच्छतेनं की औषधं आवरल्यानं? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७मध्ये याचं उत्तर फार सुंदर पद्धतीनं काढलं. त्यांनी जिवाणूंची जनुकं वाचली आणि क्विनोलोनला दाद न देणारे व दाद देणारे असे दोन गट पाडले. स्वच्छतेमुळं घट झाली असती तर दोन्ही गट सारखेच आटले असते. तसं झालं नव्हतं. क्विनोलोनला न जुमानणारे गट जवळजवळ नाहीसे झाले होते, दुसरे जवळपास होते तिथंच राहिले होते. म्हणजे मुख्य काम केलं ते डॉक्टरांच्या पेनानं. कमी लिहिलं, म्हणून कमी मेले. स्वच्छतेचं महत्त्व यानं कमी होत नाही, पण आपल्याकडे साथ म्हटली की फिनेलचे कॅन आणि सफाई कामगारांवर ओरडा एवढ्यावरच सगळं येऊन थांबतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणि क्विनोलोन हेच कूळ आपल्याकडे जुलाबावर पहिलं औषध म्हणून दिलं जातं. नॉरफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, दोन्ही त्याच घरातली. आमच्या घरी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात औषधं असतात. आई रुग्णालयात असताना मी तो डबा पालथा केला. कात्रीनं कापलेल्या स्ट्रिपचे अकरा तुकडे निघाले. कुणावर दोन गोळ्या, कुणावर एक. चारांवर नाव अर्धंच उरलं होतं, सहांवर तारीख नव्हती. एकावर पाठीमागची उभी लाल रेषा तेवढी स्पष्ट दिसत होती. ती रेषा म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका अशी खूण आहे, आणि केंद्र सरकारनं २०१६ साली त्यासाठी मोहीमही काढली होती. आमच्या घरात चार पदवीधर आहेत. लाल रेषेचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता.

कायदा आहे. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, हे औषध नियमांच्या परिशिष्ट 'एच'मध्ये कित्येक वर्षं आहे. मार्च २०१४पासून 'एच-१' लागू झालं. त्यातल्या औषधांसाठी, ज्यात तिसऱ्या-चौथ्या पिढीची सिफॅलोस्पोरिन आणि काही क्विनोलोन आहेत, दुकानदारानं डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवायची आहे. जानेवारी २०२४मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्र लिहून विनंती केली की अँटिबायोटिक लिहिताना ती कशासाठी, ते कारणही चिठ्ठीवर लिहा. केरळनं त्याच सुमारास चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या दुकानांवर धाडी घालायला सुरुवात केली. आपल्या महाराष्ट्रातही २०१२-१३च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना चिठ्ठी, बिल आणि दुकानात फार्मासिस्ट हजर असणं यांचा आग्रह धरला गेला होता. केमिस्टांनी बंद पुकारला, वर्तमानपत्रं भरून गेली. आज मेडिकलवर जाऊन "पोट बिघडलंय, एक स्ट्रिप द्या" म्हणा, मिळते.

इथं एक आक्षेप येतो आणि तो मला डावलायचा नाही. माझी मामेबहीण ज्या गावात राहते तिथं संध्याकाळी सातनंतर डॉक्टर नाही. दवाखान्याची फी, जायचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर एका जुलाबाची किंमत दोन दिवसांच्या कमाईएवढी होते. मेडिकलवाला पन्नास-साठ रुपयांत काम करतो. "चिठ्ठी नाही तर औषध नाही" असा फलक लावला की शहरातल्या माझ्यासारखीला फरक पडत नाही, तिला पडतो. न्यूमोनिया झालेल्या लेकराला वेळेत अँटिबायोटिक न मिळाल्यानं जीव जातो, हेही याच देशातलं वास्तव आहे. रक्त पडणारी हगवण असेल, तीव्र पटकी (कॉलरा) असेल, तिथं अँटिबायोटिक द्यावीच लागते. म्हणून नुसत्या धाडींवर माझा विश्वास नाही. पण त्याच मामेबहिणीला मेडिकलवर आधी जलसंजीवनीची पुडी आणि मुलासाठी झिंकच्या गोळ्या हातात दिल्या गेल्या, तर तिचं काय बुडतं? खर्च कमीच होतो. १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून पटकीचे मृत्यू ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आणले होते. पटकीतसुद्धा! आपल्या घरच्या बिघडलेल्या पोटाला, जे बहुतेक वेळा विषाणूनं बिघडलेलं असतं, आधी पाणी हवं असतं. ताकातलं मीठ, भाताची पेज आपल्या आज्यांना ठाऊक होती. 'पॉवरची गोळी' आल्यावर आपण पेज दुय्यम केली.

अँटिबायोटिक जपून वापरा, हे लोकांना आजवर कोणत्या शब्दांत सांगितलं गेलं तेही बघा. "जिवाणू औषधाला जुमानेनासे होतील, पुढच्या पिढीला औषध उरणार नाही." हे शंभर टक्के खरं आहे. २०१० साली भारत जगात सर्वाधिक अँटिबायोटिक वापरणारा देश होता, सुमारे १,२९० कोटी मात्रा. पण हे ऐकून ताप आलेला माणूस थांबत नाही, कारण त्यात नुकसान दुसऱ्याचं आहे आणि नंतरचं आहे. त्याच्या मनातला हिशोब साधा असतो: लागू पडली तर बरं, नाही पडली तर काय बिघडलं? काय बिघडतं ते माझ्या आईच्या पोटात बिघडलं. तिच्याच, त्याच महिन्यात. सरकारी जाहिरातींनी, शाळेच्या पुस्तकांनी, आशाताईंनी हे सांगावं. नको तेव्हा घेतलेली अँटिबायोटिक तुमचंच आतडं उजाड करू शकते. हे वाक्य कुणालाही कळतं.

आईवर उपचार झाले ते व्हँकोमायसिननं. शिरेतून दिलेलं व्हँकोमायसिन आतड्यापर्यंत पोचत नाही, ते पोटातूनच द्यावं लागतं. कॅप्सूल आमच्याकडे मिळाल्या नाहीत, म्हणून सिस्टर इंजेक्शनची ५०० मिलिग्रॅमची कुपी पाण्यात मिसळत आणि त्याचे दिवसाचे चार भाग करत. आई नाक दाबून एकेक घोट घ्यायची आणि वर खडीसाखरेचा खडा. दहा दिवस. तीन दिवसांत ताप गेला, पाचव्या दिवशी तिनं मऊ भात मागितला. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं की पाचातल्या एकाला हा आजार पुन्हा उलटतो. तिला सहा आठवड्यांनी उलटला, आणखी एक कोर्स झाला, मग थांबला. अडुसष्ट वर्षांची, रोज चार मजले चढणारी बाई त्या दोन महिन्यांत अकरा किलोनं उतरली. लुगडं नेसताना तिला भिंतीचा आधार लागायचा.

वॉर्डातलं एक दृश्य मला अजून दिसतं. प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली अडकवलेली होती. आईचं डायपर बदलून मावशी आल्या, हातमोजे काढले, बाटली दोनदा दाबली, हात चोळले आणि शेजारच्या आजींना पाणी पाजायला वळल्या. त्यांनी शिकवल्याप्रमाणं सगळं बरोबर केलं होतं. पण डिफिसिलचे बीजाणू अल्कोहोलनं मरत नाहीत. ते वाहत्या पाण्याखाली साबणानं हात चोळूनच निघतात, आणि कॉटच्या दांडीवरून, कमोडच्या कडेवरून ब्लीचनं. बेसिन वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि तिथं साबण नव्हता. मी घरून आणून ठेवला, दुसऱ्या दिवशी तो दिसला नाही, मी पुन्हा आणला. कोविडनं आपल्याला बाटलीची सवय लावली, आणि ती चांगलीच. पण जुलाबाच्या रुग्णाजवळ नळ आणि साबणच लागतो, हे त्या मावशींना कुणी तरी सांगायला नको का? चौदा तास उभ्या असतात त्या.

मोजणी का हवी, याचं उत्तर त्या वॉर्डातच आहे. मी विचारलं, असे रुग्ण इथं किती येतात? कुणाला सांगता आलं नाही. तपासणी केली तरच आजार दिसतो, आणि आजार नाहीच असं धरून चाललं की तपासणी होत नाही. तपासणी महाग आहे, तालुक्याला होत नाही, हे खरं. पण जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात ती करता येण्यासारखी आहे: दाखल झालेला रुग्ण, वय दोन वर्षांच्या पुढचं, दिवसाला तीन किंवा जास्त जुलाब आणि मागच्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक. एवढ्याच रुग्णांची करा. आकडा आला की कोणत्या वॉर्डात कोणती अँटिबायोटिक किती लिहिली जाते हेही कुणी तरी विचारेलच. इंग्लंडमध्ये सुरुवात अशीच झाली.

आमच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या दाराशी एक काळा फळा आहे. बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, प्रसूती, श्वानदंश, सर्पदंश, विंचूदंश, असे महिन्याचे आकडे त्यावर खडूनं लिहिलेले असतात. आईचे टाके बघायला जिथं नेलं होतं तो दातांचा विभाग त्याच्या बरोबर समोर आहे. परवा तिथं थांबले होते तेव्हा फळा नीट वाचला. विंचूदंशाखाली अजून एका ओळीची जागा आहे.